एसीतला गॅस आणि एसीचा गॅस

ताई, नमस्कार.

कराडहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात एका इमारतीच्या गच्चीवर त्याने पाइपच्या गॅसवर चालणारा एसी पाहिला आणि तेव्हापासून ‘मी हेच करणार’ म्हणून हटून बसलाय. तिथला कंत्राटदार म्हणतो, परीक्षा झाली की लगेच ये. त्याने डिप्लोमा करावा असं तुम्हाला वाटतं, आणि त्याहून मोठी काळजी म्हणजे ‘गॅस आणि वीज एकाच पेटीत, पोराच्या जिवाला धोका नाही ना?’ मिस्टर मात्र म्हणतात, गॅस तर सगळ्याच एसीत असतो, त्यात नवीन काय?

आधी मिस्टरांना उत्तर देतो. ‘एसीत गॅस भरला’ म्हणतो तेव्हा आपल्याला रेफ्रिजरंट, म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर नेणारा गॅस, म्हणायचा असतो. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, जळणासाठी नसतो. मुलाने पाहिलेल्या यंत्रात तो आहेच. शिवाय स्वयंपाकघरात येतो तसला पाइपचा गॅस येतो आणि त्यावर एक इंजिन चालतं. नेहमीच्या एसीत रेफ्रिजरंट दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर विजेच्या मोटरवर फिरतो, इथे तो इंजिनला बेल्टने जोडलेला असतो. वीज लागते ती पंख्यांना आणि कंट्रोलला, म्हणजे अगदी थोडी. थंडीत हेच यंत्र उलट चालवून खोली गरम करता येते आणि इंजिनची वाया जाणारी उष्णताही त्यात कामाला येते. जपानमध्ये उन्हाळ्यात विजेवर ताण यायचा, म्हणून तिथे १९८७ पासून ही यंत्रं बाजारात आहेत.

तिसरा गॅस पटकन लक्षात येत नाही, तो म्हणजे इंजिनचा धूर. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि त्याला वास नसतो. म्हणून हे युनिट उघड्यावरच बसवायचं, खिडकी आणि ताजी हवा आत घेणारी जाळी यांच्यापासून लांब. जागा अपुरी पडली म्हणून धुराचं तोंड डक्टकडे वळवणारा माणूस कारागीर नव्हे. धुरातून ठिबकणारं पाणीही आम्लधर्मी असतं. चुनखडीच्या खड्यांमधून गाळल्याशिवाय ते गटारात सोडायचं नाही.

आता जिवाचा प्रश्न. नियम पाळले तर हे काम ट्रकच्या गॅरेजपेक्षा धोक्याचं नाही असं माझं मत आहे, पण नियम पाळावेच लागतात. सर्व्हिसिंगला हात घालण्याआधी गॅसचा कॉक बंद, विजेचा मेन बंद, आणि मेनला कुलूप लावून ‘काम चालू आहे’ची पाटी. खाली ऑफिसात कुणी रिमोट दाबला तर इंजिन आपोआप सुरू होतं, आणि बेल्टपाशी बोटं असली तर संपलंच. गॅसचा जोड उघडला असेल तर परत जोडल्यावर साबणाच्या फेसाने तपासायचा, काडी पेटवून नाही. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. एलपीजी जड, तो जमिनीलगत साचतो. गळतीचा डिटेक्टर कुठे लावायचा हे यावरूनच ठरतं. गॅसची मुख्य लाइन मात्र गॅस कंपनीच्या अधिकृत माणसांचंच काम. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून ती कापायला गेलेला एसीवाला मला अजिबात नको.

रेफ्रिजरंटच्या नळ्यांचं प्रेशर तपासायला नायट्रोजनच लागतो. सिलिंडर हाताशी आहे म्हणून ऑक्सिजन भरणारे लोक आहेत. दाबाखालच्या ऑक्सिजनला कॉम्प्रेसरचं तेल भेटलं की स्फोट होतो. ही गोष्ट मुलाला आजच सांगा, साध्या स्प्लिट एसीलाही ती लागू आहे.

खरं सांगू? मला गॅसपेक्षा गच्चीच्या कठड्याची भीती जास्त वाटते. कंत्राटदाराला पगार विचारायच्या आधी सेफ्टी बेल्ट देता का, विमा काढता का, नायट्रोजनचा सिलिंडर आणि नळ्यांतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप तुमच्याकडे आहे का, हे विचारायला सांगा. उत्तर देताना तो हसला तर मुलाला तिथे पाठवू नका.

आता त्याच्या हट्टाबद्दल. फक्त याच यंत्रांवर पोट भरेल इतकं काम आपल्याकडे नाही, पाइपचा गॅस पोचलेल्या शहरांपुरतंच ते आहे. म्हणून त्याने आधी पक्का एसीवाला व्हावं. आर-२२ हा जुना रेफ्रिजरंट भारतात २०३० पर्यंत संपवायचा आहे आणि त्याच्या जागी आलेला आर-३२ थोडा ज्वालाग्राही आहे, त्यामुळे गॅस सांभाळून हाताळणाऱ्या हातांना साध्या एसीतही मागणी राहील. परीक्षा द्यावी, सर्टिफिकेट हातात घ्यावं, मग एक वर्ष रीतसर ॲप्रेंटिसशिप, तीही करार नोंदवून. डिप्लोमा पळून जात नाही. आयटीआयनंतर मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि वर्षभर काम केलेल्या मुलाला तिथे काय शिकायचं ते नीट कळतं. म्हणजे डिप्लोमाबाबत तुमचं बरोबर, फक्त एक वर्ष थांबा.

त्याच्या वर्गातल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट मात्र त्याच्या घरात आहे, मिस्टरांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. या एसीच्या सर्व्हिसिंगला निम्मं काम इंजिनचं असतं: ऑइल, फिल्टर, प्लग, बेल्ट, कूलंट. ट्रॅक्टरचं ऑइल अडीचशे तासांच्या आसपास बदलतात, इथे सर्व्हिसिंग साधारण दहा हजार तासांनी येतं. दिवसाला दहा तास धरले तर जवळजवळ तीन वर्षं. तेवढ्या काळात एक नोंद चुकली तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, म्हणून वहीत लिहायची सवय आत्तापासून लावा. अडचण एकच, मिस्टरांकडची इंजिनं डिझेलची, त्यांना स्पार्क प्लग नसतो. तो शिकायला मुलाला सीएनजी रिक्षा दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या एखाद्या मेकॅनिककडे सुट्टीत पंधरा दिवस बसवा.

परीक्षेनंतर दोघं या. कंत्राटदाराने काही लिहून दिलं असेल तर तो कागद बरोबर आणा, आणि तोवर मुलाला त्यावर सही करू देऊ नका.