आजीच्या गोधडीचे टाके उसवलेत? आधी दोरा ओढू नकोस

अगं, लोंबणारा दोरा दिसला की हात आपोआप तिकडे जातो, पण तो ओढू नकोस. धावदोऱ्याची ओळ लांबवर गेलेली असते. एक टोक ओढलं की हातभर शिवण सुटते नाहीतर कापडाला चुण्या पडतात. कात्रीने काप. आणि धुणं नंतर. उसवलेली गोधडी भिजली की आतले थर गोळा होतात, मग ते सरळ करताना जीव जातो.

फरशीवर सपाट पसर, मधून कडेकडे तळहात फिरव, मोठे कच्चे टाके घाल. दोरा सुतीच घे. नायलॉनचा जुन्या लुगड्याला कापत जातो. शिवण जिथे अजून पक्की आहे तिथून दोन इंच मागे सुरुवात कर आणि गाठ थरांच्या आत ओढून घे. टाका गव्हाच्या दाण्याएवढा.

विरलेल्या जागी टाका धरतच नाही, तिथे ठिगळ हवं, तेही जुन्या मऊ सुती कापडाचं. मी एकदा नाशिकच्या मेन रोडवरून कोरं कापड आणून लावलं. पहिल्याच धुण्यात ते आटलं आणि भोवतीचं आजीचं लुगडं फाटलं. आजही वाईट वाटतं.

नाशिकला डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो, म्हणून दिवाळीनंतर लगेच हे काम काढ. धुतल्यावर पिळू नकोस. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर आडवी टाक. एकाच दोरीवर ओल्या वजनाने नवे टाके ताणतात.