देणगीमागे अट असेल, तर निर्णय मूल्यांच्या आधारे कसा घ्यावा?

आपण ज्या शिक्षणसंस्थेचे विश्वस्त आहात, तिला इमारतीसाठी मोठी देणगी देऊ करणाऱ्या गृहस्थांची अपेक्षा आहे की, त्यांच्या भाच्याला शिक्षक म्हणून घ्यावे. अशा वेळी स्वतःची आणि संस्थेची मूल्ये निर्णयाला कशी उपयोगी पडतील, असे आपण विचारले आहे. मी एका ग्रामीण पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे आणि अशा पेचांना आम्हालाही नेहमीच तोंड द्यावे लागते.

सेवा, पारदर्शकता, गुणवत्ता हे शब्द बहुतेक संस्थांच्या अहवालात पहिल्याच पानावर असतात आणि त्यांना कोणाचाही विरोध नसतो. परंतु त्यांच्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत, हे आधी ठरलेले नसेल, तर समोर रक्कम आल्यावर ते शब्द हवा तसा अर्थ देऊ लागतात.

या बाबतीत मला 'लिज्जत पापड'चे उदाहरण फार मोलाचे वाटते. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात ८० रुपयांच्या उसनवारीवर सात महिलांनी हे काम सुरू केले. तोटा झाला तरी कोणाकडूनही देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. त्या काळात दोन प्रतींचे पापड होत असत आणि हलक्या प्रतीचे पापड स्वस्तात विकले जात. या महिलांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे सर्वांचे छगनबाप्पा, यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि दर्जाशी कधीही तडजोड न करण्याचा सल्ला दिला. पुढे व्याप शेकडो कोटी रुपयांच्या उलाढालीपर्यंत गेला, तरी पापड हातानेच लाटले जातात. भगिनींनी, म्हणजे संस्थेच्या सदस्य महिलांनी, केंद्रावरून मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची, ही पद्धत टिकून आहे. कोणी लाटण्याचे यंत्र सुचवलेच, तर खर्च किती वाचेल या प्रश्नाच्या आधी भगिनींच्या कामाचे काय, हा प्रश्न येतो. प्रश्नांचा हा क्रम ठरलेला असणे हीच त्या संस्थेची खरी शिस्त आहे, असे माझे मत आहे.

आमच्या पतसंस्थेत ठेवीदाराच्या पैशाची सुरक्षितता पहिली आणि कर्जदाराची सोय दुसरी, असा क्रम आम्ही ठरावाने लिहून ठेवला आहे. कर्ज उपसमितीच्या बैठकीत आधी अर्जदाराचे उत्पन्न, परतफेडीची क्षमता, जामीनदार आणि जुनी थकबाकी वाचली जाते; अर्जदाराचे नाव शेवटी वाचले जाते. अर्जदार एखाद्या संचालकाचा आप्त असेल, तर तो संचालक त्या विषयापुरता बाहेर जाऊन बसतो. अडलेल्या शेजाऱ्याला मदत करणे हे माझे वैयक्तिक मूल्य आहे आणि ते मी सोडू इच्छित नाही. पण ती मदत मी माझ्या खिशातून करावी, ठेवीदारांच्या पैशातून नव्हे, एवढे या पद्धतीमुळे मला स्पष्ट झाले.

आपल्या प्रसंगात देणगीदारांना होकार किंवा नकार कळवण्यापूर्वी विश्वस्तांची बैठक घ्यावी आणि शिक्षकांची निवड जाहिरात, पात्रता व मुलाखत यांवरच होईल, देणगीचा त्याच्याशी संबंध राहणार नाही, असा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. त्या ठरावाची प्रत देणगीदारांना आदराने द्यावी. भाचा पात्र असेल, तर त्याने इतरांप्रमाणे अर्ज करावा. नात्यामुळे त्याला डावलणेही अन्यायाचेच ठरेल. यावर देणगी परत गेली, तर या वर्षी इमारत होणार नाही, हे विश्वस्तांनी त्याच बैठकीत मान्य केलेले असावे. बहुमत अट स्वीकारण्याच्या बाजूने गेले, तर आपण आपला विरोध कारणांसह इतिवृत्तात लिहून घ्यावा, आणि तोही लिहून घेतला जात नसेल, तर विश्वस्तपदाचा राजीनामा द्यावा.