दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन बाग जमिनीत सापडते कशी?

रोमन व्हिलाच्या भिंती आणि फरशा सापडतात हे पटतं, पण बागेतलं कुंपण नेमकं कुठून जात होतं हे इतक्या ठामपणे कसं सांगतात, की तो सगळा अंदाजच असतो, असं तुम्ही विचारलंय.

वाटतो त्यापेक्षा अंदाज खूप कमी असतो. दक्षिण इंग्लंडमध्ये चिचेस्टरजवळ फिशबोर्नला मी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला मोझेक, म्हणजे छोटे तुकडे जुळवून केलेल्या नक्षीच्या फरशा, सोडून बराच वेळ बागेतच काढला.

1960 साली तिथे पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणताना जुनं बांधकाम लागलं. पुढच्या वर्षी बॅरी कनलिफ या विशीतल्या तरुणाच्या हाताखाली उत्खनन सुरू झालं. निघाला तो इ.स. 75 च्या सुमाराचा प्रचंड वाडा, आपल्या भाषेत चौसोपीच: मधोमध बाग, चारी बाजूंना दालनं. रोमनांशी सख्य असलेल्या तोगिदुब्नस या स्थानिक राजाचा तो असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

आता बागेचं. वाडा बांधताना जमीन एका पातळीत आणायला वरची कसदार माती काढून टाकली होती. उरली ती चिकणमाती आणि खडी. त्यात रोप धरणार कसं? म्हणून वाटांच्या कडेने चर खणून त्यात बाहेरची चांगली माती भरली, काही ठिकाणी चुनखडीचा चुराही घातला. कोकणात जांभ्यात कलम लावताना खड्डा खणून माती भरतात, अगदी तसं. झाड मरतं, कुजतं, पण भरलेली माती भोवतालच्या जमिनीत मिसळून जात नाही. वरचा थर हलक्या हाताने तासला की फिक्या खडीत गडद पट्टा उमटतो. फिशबोर्नला हे पट्टे सरळसुद्धा नाहीत. वाटेच्या कडेला एक कोनाडा अर्धगोल, पुढचा चौकोनी, असे ते आळीपाळीने आत वळतात. अशी नक्षी आपोआप होत नाही. कारंज्यांना पाणी नेणाऱ्या भाजक्या मातीच्या नळांचे अवशेषही तिथेच मिळाले.

भिंतींचंही असंच. 270 च्या सुमारास वाडा जळाला आणि नंतर लोकांनी कामाचे दगड उपसून नेले. दगड गेले तरी ते काढताना पडलेले चर राहिले, आणि कित्येक भिंतींची जागा त्यावरूनच ठरवली.

अंदाज येतो तो झाडाबाबत. कुंपण बॉक्स या झुडपाचं धरलंय, कारण धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या व्हिलाच्या बागेचं वर्णन करताना तेच सांगितलंय. उत्खननानंतर उत्तरेकडच्या अर्ध्या बागेत त्याच रेषांवर बॉक्स पुन्हा लावला. दक्षिणेकडचा भाग आजच्या घरांखाली आणि रस्त्याखाली आहे.

कधी गेलात तर डॉल्फिनवर बसलेल्या क्यूपिड या रोमन प्रेमदेवाचं मोझेक बघाच, पण आधी बाहेर कुंपणाच्या कडेने चालत जा आणि ते कुठे आत वळतं ते बघा.