पिल्लाचं वय आधी लिही

गाबा हे चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन म्हणजे मेंदूचा ब्रेक, हे पाठ करून तू आली आहेस. नवजात उंदराच्या हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागावर) काम करणार असशील, तर ते आधी बाजूला ठेव. कोवळ्या चेतापेशीत क्लोराइड जास्त असतं, कारण ते आत ओढणारा वाहक-प्रथिन एनकेसीसी१ जोरात असतो आणि बाहेर काढणारा वाहक केसीसी२ अजून पुरेसा आलेला नसतो. त्यामुळे गाबा-ए रिसेप्टर (गाबा चिकटल्यावर उघडणारं पेशीवरचं क्लोराइडचं दार) उघडला की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी उत्तेजित होते. येहेझ्केल बेन-आरी यांच्या गटाने 1989 मध्ये हे उंदरात दाखवलं. याच उत्तेजनाने कॅल्शियम आत येतं आणि पेशींची वाढ, जोडण्या घडायला मदत होते. मला आजही हे विलक्षण वाटतं!

आता कामाचं. साध्या होल-सेल पद्धतीत, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून तिथलं आवरण फोडून विद्युत नोंद घेताना, पिपेटमधलं द्रावण पेशीत मिसळतं, म्हणजे तू पेशीचं नव्हे, स्वतःच्याच द्रावणाचं क्लोराइड मोजतेस. माझे कित्येक आठवडे यातच गेले. आवरण न फोडता त्याला बारीक छिद्रं पाडणारं ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक वापर, त्याच्या छिद्रांतून क्लोराइड जात नाही. छिद्रं पडायला वेळ लागतो, धीर धर.

आणि प्रत्येक नोंदीवर पिल्लाचं वय दिवसांत लिही. पहिल्या दोन आठवड्यांत चित्र पालटतं, गाबा उत्तेजकाचा ब्रेक होतो, त्यामुळे पाचव्या आणि पंधराव्या दिवसाची सरासरी काढू नकोस.

एनएमडीए रिसेप्टर (ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा रिसेप्टर) यातला २बी-२ए बदल, म्हणजे २बी उपघटकाची जागा २ए घेतो तो, नंतर बघू. तोही वयानुसार होतो, पण अंधारात वाढवलेल्या पिल्लांच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये लांबतो.