योहान स्वेर्द्रुप: तेलक्षेत्राच्या नावामागचा माणूस

प्रश्न: उत्तर समुद्रातील ‘योहान स्वेर्द्रुप’ या नॉर्वेच्या प्रचंड तेलक्षेत्राविषयी वाचनात आले. हे नाव एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाचे असावे असा माझा समज होता; पण ते एका पंतप्रधानाचे असल्याचे कळले. हे गृहस्थ कोण होते? शिवाय त्यांच्या पक्षाचे नाव ‘वेन्स्त्रे’, म्हणजे ‘डावा’. मग त्याला उदारमतवादी का म्हणतात?

उत्तर: योहान स्वेर्द्रुप यांचा जन्म 1816 साली, ओस्लो फियोर्डच्या पश्चिमेकडील यार्ल्सबेर्ग येथे झाला. राजकारण घरातच होते. 1814 साली आयड्सवोल येथे ज्या सभेने नॉर्वेची राज्यघटना तयार केली, त्या सभेत त्यांचे काका गेओर्ग स्वेर्द्रुप हे आघाडीचे सदस्य होते. कायद्याचे शिक्षण घेऊन योहान यांनी लारविक या बंदराच्या गावी वकिली सुरू केली आणि 1851 मध्ये तेथूनच ते प्रथम स्टोर्टिंगमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या संसदेत, दाखल झाले.

त्यांचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था आधी ध्यानात घ्यावी लागेल. नॉर्वे आणि स्वीडन यांचा राजा एकच होता आणि तो स्टॉकहोममध्ये राहत असे. मंत्र्यांची नेमणूक तोच करी. त्या मंत्र्यांना स्टोर्टिंगमध्ये बसता येत नसे, त्यामुळे त्यांना समोरासमोर जाब विचारण्याची सोय लोकप्रतिनिधींना नव्हती. त्यातच स्टोर्टिंगचे नियमित अधिवेशन तीन वर्षांतून एकदाच भरे. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि शहरांतील सुधारणावादी यांना एकत्र आणण्याचा स्वेर्द्रुप यांचा पहिला प्रयत्न, शेतकरी नेते ओले गाब्रिएल उएलान यांच्या साथीने, 1859 मध्ये झाला. तो फार काळ टिकला नाही, पण त्या दोन वर्गांची युती हेच पुढे त्यांच्या राजकारणाचे बळ ठरले. 1869 च्या घटनादुरुस्तीनंतर अधिवेशन दरवर्षी भरू लागले, आणि माझ्या मते येथूनच राजाच्या मंत्र्यांचा जम खरोखर ढळू लागला. कारण तीन वर्षांनी एकदा भेटणाऱ्या सभेला कारभारावर सतत नजर ठेवता येत नाही.

पुढचा संघर्ष वरवर पाहता किरकोळ मुद्द्यावर होता: मंत्र्यांनी स्टोर्टिंगच्या चर्चेत भाग घ्यावा की नाही? तशी परवानगी देणारी दुरुस्ती 1872 मध्ये मंजूर झाली, पण राजाने तिला संमती नाकारली. मग मधल्या निवडणुकांनंतर 1874, 1877 आणि 1880 मध्ये ती पुन्हा मंजूर झाली, आणि प्रत्येक वेळी ऑस्कर दुसरा याने नकार दिला. साधा कायदा निवडणुका मध्ये घेऊन तीनदा मंजूर झाला, तर राजाच्या संमतीवाचूनही लागू होतो, असे घटनेत स्पष्ट होते; घटनादुरुस्तीबाबत मात्र घटना मूक होती. राजाचा दावा असा की येथे आपला नकाराधिकार अंतिम आहे, आणि क्रिस्तियानियाच्या (म्हणजे आजच्या ओस्लोच्या) विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापकांनीही त्याचीच बाजू घेतली. 9 जून 1880 रोजी स्टोर्टिंगने संमतीविनाच ती दुरुस्ती वैध असल्याचे जाहीर केले. 1882 च्या निवडणुकीत स्वेर्द्रुप यांच्या बाजूने भक्कम बहुमत आले, पंतप्रधान सेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर महाभियोग चालवला गेला आणि फेब्रुवारी 1884 मध्ये सेल्मर यांना पद गमवावे लागले. त्या न्यायसभेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांबरोबर स्टोर्टिंगचे सदस्यही बसत, त्यामुळे निकालात राजकारणाचा वाटा मोठा होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. काही महिने राजाने आणखी एक मंत्रिमंडळ चालवून पाहिले. अखेर 26 जून 1884 रोजी त्याने स्वेर्द्रुप यांना पंतप्रधान नेमले. बहुमत ज्यांच्यामागे, कारभार त्यांच्या हाती, ही प्रथा नॉर्वेत त्या दिवसापासून मानली जाते.

त्यांच्या कारकिर्दीत मताधिकार वाढला, फौजदारी खटल्यांत ज्युरीची पद्धत आली, आणि 1885 मध्ये ग्रामीण बोलींवरून घडवलेल्या ‘लान्समोल’ या लेखनभाषेला प्रस्थापित भाषेच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. तरीही सत्तेवरचे स्वेर्द्रुप मला विरोधातील स्वेर्द्रुप यांच्याइतके मोठे वाटत नाहीत. कादंबरीकार अलेक्सांडर किएलान यांना मानधन द्यावे की नाही, या वादात पक्षातील धार्मिक आणि मुक्त विचारांचे गट एकमेकांविरुद्ध उभे राहिले. धर्मखात्याचे मंत्री असलेले त्यांचे पुतणे याकोब यांनी आणलेले विधेयक स्टोर्टिंगने फेटाळले, तरी याकोब मंत्रिमंडळात राहिले. ज्या तत्त्वासाठी स्वेर्द्रुप आयुष्यभर लढले, तेच येथे त्यांनी बाजूला ठेवले, याचे वाईट वाटते. 1888 मध्ये पक्ष दुभंगला, 1889 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि 1892 च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.

आता पक्षाच्या नावाविषयी. जानेवारी 1884 मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाचे पहिले अध्यक्ष स्वेर्द्रुपच होते. त्या काळी ‘डावा’ म्हणजे राजाच्या मंत्र्यांविरुद्ध संसदेची बाजू घेणारा. समाजवादाशी त्या नावाचा संबंध नव्हता. त्याच वर्षी एमिल स्टांग यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या रूढीवाद्यांनी ‘होयरे’, म्हणजे ‘उजवा’, हे नाव घेतले. मजूर पक्ष 1887 मध्ये स्थापन झाला आणि पुढे डावी जागा त्याने व्यापली, पण जुन्या पक्षाने आपले नाव सोडले नाही. म्हणून ‘डावा’ नावाचा पक्ष आज नॉर्वेत मध्यममार्गी उदारमतवादी म्हणून ओळखला जातो.