अबोल माणूस नोकरीत मागे पडतो का?

रबाळ्याच्या कंपनीने मुलाखतीआधी व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, बहिर्मुखता (बोलकेपणा, माणसांत मिसळणं) कमी आली, आता आपलं कसं होणार, असं तुम्ही विचारलंय. इतकं मनाला लावून घेऊ नका.

मी ऐरोलीत विम्याचे क्लेम तपासणारी टीम सांभाळतो. सुरुवातीला मीही बोलक्या पोरांवर भाळायचो. एक असा घेतला, की ठाणे-वाशी लोकलचा अर्धा डबा त्याला नावाने ओळखायचा. महिनाअखेरीला त्याच्या फायली मात्र दुसऱ्यांनी निस्तरायच्या. त्याच्या शेजारची मुलगी दिवसाला दहा वाक्यं बोलायची, पण निघताना राहिलेल्या केसेसची यादी टेबलावर ठेवूनच उठायची.

कोणता स्वभावगुण कामात उपयोगी पडतो, हे बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ साली ११७ अभ्यास एकत्र करून तपासलं होतं. पोलिसांपासून कारागिरांपर्यंत, त्यांनी पाहिलेल्या पाचही प्रकारच्या कामांत उपयोगी ठरला तो एकच गुण: हातात घेतलेलं काम चोख पुरं करणं. बहिर्मुखता कामाला आली ती मॅनेजर आणि विक्रीवाल्यांना. आणि या चोखपणाचाही कामगिरीशी संबंध ०.२ च्या आसपासच (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम चार-पाच टक्के उलगडा. शिवाय चाचणीतल्या ‘मी कामं वेळेवर करतो’ अशा वाक्यापुढे नोकरी मागायला आलेला कोण ‘नाही’ लिहील?

समाधानाचं गणित वेगळं. जज, हेलर आणि माउंट या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात नोकरीतल्या समाधानाशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो सतत धास्तावलेलं असण्याचा, तोही उलटा: उणे ०.२९. चोखपणाचा ०.२६, बहिर्मुखतेचा ०.२५. म्हणजे बोलकी माणसं नोकरीत थोडी जास्त खूश असतात, हे खरंच आहे. पण माझ्या टीममधली ती मुलगी खूश नव्हती ती अबोल म्हणून नव्हे. रात्री दहाला फोन यायचा, “सर, ती फाइल बरोबर गेली ना?” काम अव्वल आणि जिवाला घोर. मी दोन वर्षं नुसतं काम बघून खूश होतो, ही चूक माझी.

तुमच्या रिपोर्टात बहुधा आणखी चार गुण असतील. त्यातले चोखपणाचा (इंग्रजीत कॉन्शियन्शसनेस) आणि भावनिक स्थैर्याचा (धास्तावलेलं असण्याच्या उलट), हे दोन आधी बघा. जागा कसली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. विक्रीची असेल, तर रोज दहा अनोळखी माणसांना फोन करायला जमेल का, हे मात्र चाचणीला नाही, स्वतःलाच विचारा.