आधी शेजारची गिरणी बघा

गेल्या अंकात परग्रहांबद्दल 'कुणी आहे का तिकडे?' असं मी सहज विचारलं आणि महिनाभर पोस्टमन माझ्यावर खूश नव्हता. पत्रं बरीच आली. पाचच घेतोय. बाकीच्यांना वेगळी उत्तरं पाठवीन, जरा दम धरा.

सर, मी ओतूरला सातवीत शिकतो. आमची सहल खोडदला गेली होती. तिथल्या मोठ्या ताटल्या परग्रहावरच्या लोकांशी बोलतात का? माझा मित्र म्हणतो बोलतात, पण आपल्याला सांगत नाहीत.

तुझ्या मित्राला सांग, त्या ताटल्या म्हणजे रेडिओ दुर्बिणी, त्या बोलत नाहीत, ऐकतात. आणि बहुतेक वेळ ऐकतात ते हायड्रोजनचे ढग, स्पंदक तारे आणि दूरच्या दीर्घिका. एकूण 30 ताटल्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 जवळजवळ आहेत, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरल्यात. या टोकापासून त्या टोकापर्यंत 25 किलोमीटर. तुला ताटलीतून पलीकडचं आभाळ दिसलं असेल, कारण ती पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची आहे. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही करामत. खुराड्याच्या जाळीतून वारा जातो, कोंबडी जात नाही. तसाच वारा इथे आरपार जातो, पण वीतभर किंवा त्याहून लांब रेडिओलहरींना ती जाळी भिंतीसारखीच असते. म्हणून ताटली हलकी झाली आणि स्वस्तही.

एवढं सगळं आपल्या जुन्नर तालुक्यात का आलं? डोंगरांच्या आडोशाला, शहरांच्या गोंगाटापासून दूर म्हणून. तिथे गेल्यावर तुमचे मोबाईल बंद करायला लावले असतील. राग मानू नका. त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती मी खोडदच्या दुर्बिणी उभ्या राहायच्या कितीतरी आधी शिकलो.

माझ्या वडिलांचं नारायणगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे रेडिओ, तापायला अर्धा मिनिट घेणारे. एकदा एक म्हातारबाबा डोक्यावर रेडिओ घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, रोज सांजच्याला सात वाजले की ह्यात कुणीतरी घोगऱ्या आवाजात बोलतंय. घरची मंडळी भ्यायलीत." वडिलांनी रेडिओ उघडला, पुसला, परत दिला. आवाज चालूच. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी एका संध्याकाळी वडील सायकलीवर मला पुढच्या दांडीवर बसवून त्यांच्या वस्तीवर गेले. सात वाजले, घरघर सुरू झाली. वडिलांनी रेडिओकडे बघितलंसुद्धा नाही, ते बाहेर गेले. दोन घरं सोडून पिठाची गिरणी होती. वीज यायची सातला, तेव्हा मोटर सुरू व्हायची, आणि मोटरच्या झिजलेल्या ब्रशांतून ठिणग्या उडायच्या. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. रेडिओ बिचारा जे येईल ते ऐकवत होता. खोडदच्या ताटल्यांना तुमचा मोबाईल म्हणजे अशीच एक गिरणी.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीलाही अशीच गिरणी भेटली. 1998 पासून तिथे मधूनमधून एक चमत्कारिक रेडिओचमक यायची, दूरच्या अंतराळातून यावी तशा थाटाची. 2015 मध्ये छडा लागला. आवारातल्या मायक्रोवेव्हमध्ये कुणीतरी जेवण गरम करायचं आणि घंटी वाजायच्या आत घाईने दार उघडायचं. सतरा वर्षं! भूक लागली की माणूस थांबत नाही, मग तो नारायणगावचा असो की ऑस्ट्रेलियाचा.

हो, एकदा मात्र खोडदने खरोखर परग्रहावरून आलेला आवाज ऐकला. 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपचं शियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओसंदेश पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून आपल्या ताटल्यांपर्यंत पोचत होता. उतरायच्या सुमारास तो अचानक थांबला. यान आदळून फुटलं होतं. म्हणजे तो आवाजही आपल्याच माणसांनी धाडलेला, पण आला तो मंगळावरून. मित्राला एवढं सांगितलंस तरी तो गप्प होईल.

आमच्या सिंदेवाही तालुक्यात पाडव्याच्या संध्याकाळी आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि लोखंडी कडं पडलं. काही लोक अजून उडती तबकडी म्हणतात. आपलं मत?

2 एप्रिल 2022 ची गोष्ट ना? लाडबोरीला पडलेलं ते तीनेक मीटर व्यासाचं कडं आणि आसपास सापडलेले गोळे चिनी रॉकेटच्या, लाँग मार्च जातीच्या, टाकून दिलेल्या टप्प्याचे असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. गोळे म्हणजे रॉकेटमधल्या वायूच्या टाक्या. कुणाच्या डोक्यावर पडलं नाही हे नशीब. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय ती एका ओळीत सरकणारी दिव्यांची माळ स्टारलिंकच्या उपग्रहांची. तीही आपलीच.

नारळीकर सरांनी 41 किलोमीटर उंचीवर परग्रहावरचे जीवाणू शोधले होते, असं मी शाळेत मुलांना अनेक वर्षं सांगत आलो. निवृत्त झालो तरी शंका राहिली आहे. मी चुकीचं शिकवलं का? (सातारा)

गुरुजी, अर्धं बरोबर, अर्धं घाईचं. मीही मास्तरच होतो, मीही असंच सांगितलंय, तेव्हा दोघे मिळून कान धरू.

झालं ते असं. 2001 मध्ये पहिला फुगा गेला, आणि मग 20 एप्रिल 2005 ला हैदराबादहून दुसरा प्रचंड फुगा सोडला. त्यात निर्जंतुक केलेले, आतली हवा पूर्ण काढून घेतलेले पोलादी नळे होते. 20 ते 41 किलोमीटरच्या दरम्यान ते नळे उघडायचे, तिथली हवा कोंडायची आणि पुन्हा बंद व्हायचे. खाली आल्यावर नमुने एकाच प्रयोगशाळेने नाही, दोघांनी वेगवेगळे तपासले, हैदराबादच्या आणि आपल्या पुण्याच्या. का? एकीच्या टेबलावरचा जंतू नमुन्यात शिरला तर दुसरीने पकडावा म्हणून. मला या प्रयोगात सगळ्यात आवडतो तो हा संशय. जीवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. 2009 मध्ये जाहीर झालं की त्यातल्या तीन जाती नव्या आहेत. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. पण त्या बाहेरून आल्या हे यातून सिद्ध होत नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात ते वाक्य मावलं नाही, आणि आपण मथळा शिकवला.

पुढची गंमत बहुतेकांना ठाऊक नाही. आर्यभटाच्या नावाच्या जीवाणूची संपूर्ण जनुकं नंतर ताडून पाहिली, तेव्हा तो बॅसिलस मेगाटेरियम या जुन्या ओळखीच्या जीवाणूहून वेगळा निघालाच नाही. हा मेगाटेरियम कोण? जमिनीतला स्फुरद पिकाला मिळवून देणारा. आमच्याकडचे द्राक्षवाले ज्या पीएसबीच्या, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जीवाणूंच्या, बाटल्या आणतात, त्यातल्या काहींमध्ये हाच असतो. शेतातला गडी 20-40 किलोमीटर वर जाऊन आला आणि आपण त्याला पाहुणा समजून पाट मांडला.

म्हणून प्रयोग फुकट गेला असं म्हणू नका. इतक्या उंचीवर, इतक्या अतिनील किरणांत सजीव सापडतात, ही बातमी लहान नाही. नारळीकर सर 2025 च्या मे महिन्यात गेले. जीवन अवकाशातून आलं असावं या कल्पनेकडे त्यांचा ओढा होता, आणि तरी प्रयोग मांडताना ती कल्पना पाडता यावी अशीच मांडणी केली. हे मुलांना सांगायला अजून उशीर झालेला नाही. निवृत्त मास्तरांकडे नातवंडं असतातच.

दादा, आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं की के2-18बी ग्रहावर समुद्र आहे आणि जीव सापडलाय. खरं की नेहमीसारखं? (मालवण)

ताई, नेहमीसारखं म्हणून सोडून देऊ नका, यात दम आहे. फक्त 'सापडलाय' हे क्रियापद खोटं. हा ग्रह सिंह राशीच्या दिशेला 124 प्रकाशवर्षांवर आहे. 2025 मध्ये आपल्यापर्यंत आलेला त्याचा प्रकाश निघाला तेव्हा लोकमान्य 'केसरी' चालवत होते. वजन पृथ्वीच्या आठ-नऊ पट. त्याचं वर्ष 33 दिवसांचं. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्याच्या हवेतून गाळून येतो. कुठला रंग गळाला यावरून हवेत काय आहे ते ओळखायचं. एप्रिल 2025 मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सांगितलं की तिथे डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसतात. किंवा त्याच्या सख्ख्या भावाच्या, डायमिथाइल डायसल्फाइडच्या.

हा वायू तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. चिवल्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की जो 'समुद्राचा वास' येतो, त्यात याचा वाटा असतो. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे हवेत येतो. म्हणून एवढी खळबळ.

आता खोट कुठे? त्या गटानेच सांगितलं की ही खूण निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात तीन आहे. तुम्हाला ती नगण्य वाटेल. पण शोध म्हणायला दहा लाखांत एकाहूनही कमी लागते. इतरांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली तेव्हा त्यांना ठाम काही दिसलं नाही. शिवाय हाच वायू 67पी या धूमकेतूवरही आढळलाय, आणि त्या गोठलेल्या धोंड्यावर मासळी तर सोडाच, शेवाळही नाही. म्हणजे तो जिवाशिवायही बनू शकतो. ग्रुपवर एवढंच टाका: 'वास आल्यासारखा वाटतोय, कढी अजून दिसलेली नाही.'

माझी आजी केसरबाईंच्या गाण्याची वेडी होती. त्यांची तबकडी अंतराळात आहे म्हणतात. आता कुठे असेल? आणि ज्यांना मिळेल ते लावतील कशी? (फोंडा)

केसरबाई केरकर तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. 1977 मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यावर त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटं. 55 भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे, एक बाई नमस्कार करून पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार कळवतात. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबरला. केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. त्या गेल्या तेव्हा त्यांचा आवाज अकरा दिवसांच्या वाटेवर होता.

हे यान सेकंदाला 17 किलोमीटर जातं, म्हणजे फोंड्याहून निघालं की 'एक' म्हणेपर्यंत मडगाव. तरी एवढ्या वर्षांत ते सुमारे 2,500 कोटी किलोमीटरच गेलंय, आणि त्या अंतराला प्रकाशाला जेमतेम एक दिवस लागतो. सुमारे 40,000 वर्षांनी ते एका ताऱ्याच्या जवळून जाईल. 'जवळून' म्हणजे दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांवरून.

लावायची कशी? सोबत सुई दिलीय, आणि वेष्टनावर चित्रांनी कृती कोरलीय. तबकडी मिनिटाला 16⅔ फेरे घेते, आपल्या एल्पीच्या निम्मा वेग. कमी वेगात जास्त गाणी मावतात म्हणून. वेष्टनावर शुद्ध युरेनियमचा एक ठिपकाही आहे. तो किती झिजला यावरून यान कधी निघालं ते मोजता येईल. माझ्या वडिलांना हे फार पटलं असतं. ते दुरुस्त केलेल्या रेडिओच्या तळाशी पेन्सिलीने तारीख लिहायचे.

नोव्हेंबर 2023 मध्ये हेच यान अचानक असंबद्ध आकडे पाठवायला लागलं. कुणी परग्रहवासीयाने ताबा घेतला, अशी अफवा मीही ऐकली. बिघाड होता त्याच्याच संगणकाच्या स्मृतीतल्या एका चिपमध्ये. प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी पावणेदोन दिवसांहून जास्त थांबायचं, अशा चालीने अभियंत्यांनी एप्रिल 2024 पर्यंत त्याला ताळ्यावर आणलं.

सर, तुम्ही सगळ्यांना 'नाही, आपलंच आहे' सांगता. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? (बार्शी, बी.एस्सी. दुसरं वर्ष)

पकडलंस मला. पाचच पत्रं म्हणालो होतो, हे सहावं घेतलं ते तू पकडलंस म्हणून.

मला वाटतं आहे. बोलणारं कुणी असेल-नसेल, पण जंतू असावेत. आणि पैज लावायची तर मी दूरच्या ताऱ्यांवर न लावता शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर लावीन. केवढा तो? आरपार 500 किलोमीटर, मुंबईहून नांदेडला सरळ रेघ ओढली तर जराशी पुढे जाईल एवढाच. वर बर्फ, आत खारट पाण्याचा समुद्र, आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून त्या पाण्याचे फवारे थेट अवकाशात उडतात. 2005 मध्ये कॅसिनी यानाने ते पाहिले, पुढे त्यांच्यातून उडतही गेलं. मीठ, कार्बनी पदार्थ, हायड्रोजन सापडला, आणि 2023 मध्ये जुनी मोजमापं तपासताना फॉस्फेटही. तोच आपला स्फुरद. खोदायचीही गरज नाही, फवाऱ्याखाली भांडं धरायचं.

कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा त्याला तिथेच फिरत ठेवता आलं असतं. पण पृथ्वीवरचा एखादा चिवट जंतू त्याच्यावर तग धरून असला, आणि यान कधीतरी भरकटून एन्सेलॅडसवर पडलं, तर? म्हणून 15 सप्टेंबर 2017 ला ते मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळलं. वीस वर्षं सांभाळलेलं यान. म्हणजे पुढे कुणी तिथे भांडं धरलं आणि त्यात काही वळवळलं, तर ते आपल्या गिरणीतलं नसेल.

पैज मिसळीची. नारायणगावात ये, हरलो तर मी देतो.